पाटाचे दोन कोपरे

१

वाळूचा गणपती साडेबाराच्या सुमारास बसल्या जागी ढासळला. सोंड शाबूत, कान शाबूत, मुकुटावरची नक्षीसुद्धा जशीच्या तशी. पण पोटापासून खालचा भाग सरकून पायांपाशी ढीग होऊन पडला होता. हरमलच्या किनाऱ्यावर वाळूशिल्पं बघायला आलेल्या माणसांनी त्याभोवती कोंडाळं केलं, आणि ज्याला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. काहीच म्हणत नव्हता असा एकच माणूस तिथे होता. तो गुडघे टेकून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या वाळूने माखले होते.

तो शांताराम. आमोण्याच्या महिला मंडळाची सहल घेऊन आलेल्या बसचा ड्रायव्हर.

"जरा वाट दिया," असं म्हणत कमलाक्षी टीचर पुढे आल्या, आणि मंडळाच्या बायकांनी मुकाट्याने वाट दिली. टीचर गेल्या जूनमध्ये मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या असल्या, तरी गावात त्यांचा खरा दरारा वेगळ्याच कारणाने होता. देवळातली समई कोणी नेली, शाळेच्या विहिरीत दप्तर कोणी टाकलं, असलं काही निघालं की लोक आधी टीचरांकडे यायचे. टीचर दोन प्रश्न विचारायच्या, चष्मा पुसायच्या आणि नाव सांगायच्या. तीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत, असं त्या स्वतःच सांगत, आणि पडताळून बघायची कोणाची हिंमत नव्हती.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. रागावल्या की त्यांची घरची बोली पळून जायची आणि तोंडात शाळेतली मराठी यायची.

"पडलो, बाईनू," शांताराम म्हणाला. "मी सारको करूक बघी होतंय."

"पडला? आपोआप?"

शांतारामने एकदा सुरूच्या झाडांखाली उभ्या असलेल्या बसकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माका म्हायत नाय."

तेवढ्यात गर्दीतून तुषार धावत आला. गणपती त्याचा. शिरगावचं पोर, बाविशीचं. बापाची खाणीवरची नोकरी गेल्यापासून मिळेल ते काम करायचं आणि रात्री चित्रं काढायची, असं त्याने सकाळी टीचरांना सांगितलं होतं. पहाटेपासून खपून त्याने हा गणपती उभा केला होता. अर्धा तास भाजीपाव खायला गेला, तेवढ्यात हे झालं. चार वाजता परीक्षक येणार होते.  हातातला उंडो पाव तसाच धरून तो उभा राहिला, ते बघवेना.

"टीचर," मंडळातली समीक्षा कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "मी बघलंय. ह्योच दोनय हात घालून गणपतीर वाकलेलो."

२

टीचरांनी चष्मा पुसला आणि तपास सुरू केला.

पहिला संशय सुदेशवर. सुदेश पेडण्याचा, शेजारच्याच चौकोनात त्याने कासवीण काढली होती, आणि गणपती उभा होता तोवर त्या कासविणीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. "बक्षीस तुला हवं होतं ना?" टीचरांनी सरळच विचारलं.

"होया होता. अजूनय होया," सुदेश म्हणाला. "पण माजे पाय बघा." त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. त्याने उत्तर नव्हे, पुरावाच दिला होता. वाळू सुकू नये म्हणून तुषार गणपतीभोवती सतत पाणी शिंपडत होता, त्यामुळे चारी बाजूंनी ओल्या वाळूचं कडं झालेलं होतं. त्या कड्यात बुटाचा एकही ठसा नव्हता.

समीक्षाने गणपतीसोबत फोटो काढला होता, पण तिच्या पायांत टाचेच्या सँडल्स. तसली भोकंही कड्यात नव्हती. तिथे होते ते अनवाणी पायांचे ठसे. मोठे, खोल, धावत आल्यासारखे. त्यांच्याखाली आणखी काही पुसटसं होतं, पण मोठ्या ठशांनी ते तुडवून टाकलं होतं.

टीचर खाली वाकल्या. गणपती ज्या पाटावर बसवला होता तो पाटही वाळूचाच, तुषारने त्याला नीट कडा काढल्या होत्या. त्या पाटाचे पुढचे दोन्ही कोपरे तुटले होते, आणि दोन्हीकडे बोटांचे वण होते. टीचरांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांना हवा तो धागा सापडला होता.

एवढ्या माणसांत अनवाणी कोण? किनाऱ्यावर ऊन इतकं, की सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं. शांताराम मात्र गाडी अनवाणीच चालवायचा. चपला सीटखाली काढून ठेवायचा आणि उतरला तरी घालायचा नाही. हे टीचरांनी सकाळीच हेरलं होतं. सकाळी आणखीही बरंच काही झालं होतं. शांतारामने एकेका बाईला हात देऊन चढवलं होतं, "येवा बाईनू, सावकाश," आणि टीचरांच्या सासूबाईंना, चंद्रावतीबाईंना, "ये आते, पायरी उंच असा." मग वाटेत टीचरांनी वाळूशिल्पांवर छोटं भाषण दिलं होतं, वाळू कशी दाबतात, पाणी कसं मारतात, आणि संध्याकाळी भरती आली की सगळं कसं वाहून जातं. त्यावर ऐंशीला टेकलेल्या चंद्रावतीबाईंनी मागून विचारलं होतं, "मगे त्या गणपतीक पोचवतलो कोण?" टीचर हसून म्हणाल्या होत्या, "आये, तो रेवेचो गो. तेची कसली उत्तरपूजा?" अख्खी बस हसली होती. पण ते आता कशाला आठवायचं.

टीचर शांतारामला घेऊन बसपाशी आल्या. मागोमाग मंडळाच्या बायका, तुषार आणि हा सोहळा भरवणाऱ्या तरुण मंडळाचा अध्यक्ष महादेव.

"ठसे तुझे. हात तुझे. बघणारी माणसं आहेत," टीचर म्हणाल्या. "का मोडलास?"

"मोडूक नाय, बाईनू."

"मग कोणी?"

शांताराम गप्प. माणूस गप्प बसला की टीचरांचा तोल जायचा. शाळेतही जायचा. त्या बोलून गेल्या, "गाडीवर एमएच लिहिलेलं दिसतंच आहे. भायल्या माणसाला आमच्या देवाची काय कदर असणार!"

कोणी दचकलं नाही. उलट दोघी-तिघींनी माना डोलावल्या. बसच्या जनेलाशी, उघड्या खिडकीपाशी, चंद्रावतीबाई बसल्या होत्या. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

महादेवने गाडीच्या मालकाला फोन लावला आणि फोन ठेवून सांगितलं, "मालक म्हणता, चार वाजेपर्यंत तेणे लिहून दिल्यान तर बरा. नाय तर पोलिसांत देवा. आनी कायय जाला तरी फाल्यापासून तो कामार नको."

 शांतारामने टीचरांकडे बघितलं, मग पुन्हा एकदा बसकडे.

"तुमी म्हणतास तर तसा, बाईनू," तो म्हणाला. "खय सही करू?"

३

प्रकरण मिटलं. जेवणं सुरू झाली. बायकांनी टीचरांचं कौतुक केलं, समीक्षाने तर "अर्द्या तासात" असं तीनदा म्हटलं. टीचरांचा डबा मात्र तसाच बंद होता. जो माणूस मघापर्यंत नाही म्हणत होता, तो नोकरी गेली ऐकल्यावर हो कसा म्हणाला? उलटंच व्हायला हवं होतं.

त्यांनी सासूबाईंचा डबा उघडला. दही-पोहे त्यांनीच पहाटे कालवून भरले होते, आयेला गाडी लागते म्हणून. डबा रिकामा.

"जेवलंस, आये?"

"हय."

चंद्रावतीबाई चार माणसं जेवल्याशिवाय घास घेत नसत, लग्न झाल्यापासून चौतीस वर्षं टीचर हे बघत आल्या होत्या.

"माका आल्याचो तुकडो दी मगे. मळमळता."

"सोपला," म्हातारी म्हणाली. आलं नेहमी पदराच्या गाठीत असायचं. गाठ तर चांगली लिंबाएवढी फुगलेली होती, आणि आयेने तिच्यावर हात ठेवला होता. लुगड्याचा काठ ओला होता आणि त्याला वाळू चिकटली होती. टीचरांनी ते सगळं पाहिलं. तीस वर्षांत न चुकलेल्या बाईने पाहिलं, आणि जे दिसलं त्याला मनात नाव द्यायचं टाळलं.

"टीचर, हो फोटो बघा, कसलो बरो येयलो," समीक्षाने मोबाईल पुढे केला. "मोडच्या आदी धा मिन्टां."

फोटोत समीक्षा हसत होती. तिच्यामागे अख्खा गणपती. गणपतीच्या डाव्या तळहातावर काहीतरी पांढरं होतं आणि खांद्यावर एक कावळा त्याकडे टक लावून बसला होता.

"तुषार, ह्या हातात काय ठेवलंलंस?"

"कायच ना. मोदक करूचो आशिल्लो, पण रावलो," तुषार म्हणाला.

टीचरांनी फोटो बोटांनी मोठा केला. पांढरे होते ते पोहे. मागे सुरूखाली शांताराम तोंडावर टॉवेल टाकून आडवा झालेला. आणि फोटोच्या कडेला, ओल्या वाळूच्या बाहेर, देवळाच्या दारात काढून ठेवतात तशा नीट शेजारी-शेजारी लावलेल्या दोन चपला. उजव्या चपलेचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

तो दोरा टीचरांनीच निवडला होता. गेल्या महिन्यात, डिचोलीच्या बाजारात, चांभाराकडे काळा दोरा संपला होता म्हणून.

४

त्या आधी पुन्हा गणपतीकडे गेल्या. खाली बसल्या आणि पाटाच्या त्या दोन कोपऱ्यांकडे आता खरोखर बघितलं.

ज्याला मोडायचं असतं तो सोंड मोडतो, डोकं उडवतो, लाथ मारतो. पाटाला कोण हात लावतं? चतुर्थीला, आरती झाल्यावर, दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवून झाल्यावर, देवाला जरा वेळ देऊन, घरातलं माणूस दोन्ही हातांनी पाटाचे कोपरे धरतं आणि मूर्ती जागची हलवतं. मग देव निघाला असं धरायचं. मग पाण्यावर पोचवायचा आणि येताना रिकाम्या पाटावर मूठभर रेव, म्हणजे वाळू, घेऊन घरी परतायचं आणि ती घराच्या चार कोपऱ्यांत टाकायची. टीचरांच्या घरी हे दरवर्षी होत असे. लाकडाचा पाट हलवला की हलतो. वाळूचा पाट हातात येतो, आणि वरचा देव खाली बसतो.

हा गणपती कोणी मोडला नव्हता. त्याला कोणीतरी निरोप दिला होता.

 बसमध्ये हसलेल्या बायकांचा आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला, आणि त्या हसण्यात सर्वांत आधी कोण हसलं होतं तेही.

शांताराम बसच्या पायरीवर कागद मांडीवर घेऊन बसला होता. महादेवने दिलेला पेन त्याला नीट धरता येत नव्हता.

"शांताराम, आते कोणाक म्हणतत?"

तो दचकला. "बापाशीच्या भयणीक."

"बसीत बाराजणी म्हाताऱ्यो आसत. तू आमच्या आयेकच आते म्हणतंस."

"सकाळी गाडीत चढताना बघलंय आनी वळाखलंय," तो हळूच म्हणाला. "ती भेडश्याची. आमच्या घरासमोरचा घर तेंचा. माज्या बापाशीक ती राखी बांधी. गावची चेडू ती, म्हणान आते."

भेडशी. दोडामार्गापलीकडे, राज्याच्या हद्दीबाहेर. टीचरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. बासष्ट वर्षांपूर्वी आये तिकडून नवरी होऊन आमोण्याला आली, हे घरात शंभरदा बोललं गेलं होतं. शांतारामच्या गाडीसारखीच एमएच-शून्य-सातच्या मातीतली. मघाशी सगळ्यांदेखत 'भायला', बाहेरचा, हा शब्द उच्चारताना टीचरांना मात्र हे आठवलं नव्हतं.

"तिणा पाट धरल्यान आनी सगळा खाली इला. ती तशीच उबी. मी उठान धावलंय, तिका गाडीत बसवलंय, आनी परत लावूक गेलंय. लागता कसला." त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "बाईनू, सांगा नकात. माका दुसरी गाडी गावात. या वयात तिका चार माणसांत मान खाली घालूक लावची नाय. ती आमच्या गावची."

एक क्षण, आणि हे टीचर पुढे कधीही विसरू शकल्या नाहीत, त्यांना ते पटलं. कागद तयार होता. तो सही करायला तयार होता. कोणाला कळणार नव्हतं. सून म्हणून सासूची अब्रू राखली, असंही मनाला सांगता आलं असतं. राखली जाणार होती ती स्वतःची, हे त्यांना पुरतं कळत होतं.

"सही करू नको," वरून आवाज आला. चंद्रावतीबाई जनेलात उभ्या होत्या. "शांताराम, खबरदार सही केलंस तर."

"आये, मगाशी कित्याक बोलूक नाय गो तू?" टीचरांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"सकाळी इचारलंय तेवा तूय हसलंस," म्हातारी म्हणाली. "सगळी हसली. परत हसतली म्हणान भियालंय. ह्यो झील माका हातान खुणावी, गप रव म्हणान. मी गप रवलंय. माका लाज वाटता ती तेची. देवाक पोचवल्याची नाय."

घड्याळात तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. महादेव कागद न्यायला येत होता.

५

टीचरांनी शांतारामच्या हातातला कागद घेतला, फाडला, आणि सगळ्यांना गणपतीपाशी बोलावलं. गर्दी जमायला वेळ लागला नाही. त्यांनी सवयीने चष्मा पुसायला काढला आणि मग तसाच हातात ठेवला. समोरचे चेहरे स्पष्ट दिसले नसते तर बरं, असं त्यांना वाटलं.

"शांतारामान कायएक करूक नाय," त्या म्हणाल्या. या वेळी शाळेतल्या मराठीऐवजी त्यांच्या तोंडात घरची बोली होती. "तो पडलेलो गणपती सारको करी होतो. हात लागलो तो आमच्या घरचो. आयेन गणपतीक पोचवलो, कित्याक तर सांजे तो पाण्यात जातलो असा मी सांगललंय, आनी पोचवतलो कोण ह्या तिणा इचारल्यार मी हसललंय. मी हसलंय म्हणान तिणा कोणाक इचारूक नाय. इचारला आसता, तर ह्या जाला नसता. आनी मागीर खरा सोदूचा सोडून मी गरिबाच्या पायांचे ठसे मोजलंय."

कोणी हसलं नाही. समीक्षा मोबाईलकडे बघत राहिली. ज्या दोघी-तिघींनी मघाशी माना डोलावल्या होत्या, त्या एकमेकींच्या मागे झाल्या.

चंद्रावतीबाई शांतारामचा हात धरून आल्या. तुषारपुढे उभ्या राहून त्यांनी पदराची गाठ सोडली. आत मूठभर ओली वाळू.

"पोचवल्यार रेव घेवन घराक जातत, म्हणान घेतलंय," त्या म्हणाल्या. "तुजी ती तू घे, बाबा. माका म्हायत नसला, असो मोडतलो तो."

तुषारने त्या वाळूकडे बघितलं. "आजी, एकदां विचारूंक जाय आशिल्लें," तो म्हणाला. रागाने नाही, दमल्या आवाजात. "हांवेंच तुका सांगिल्लें आसतें, पाट कसो धरचो तो." मग त्याने त्यांची मूठ हळूच बंद केली. "ती व्हर घरा. हांगा लावन आतां फायदो ना."

परीक्षक आले, पोट नसलेल्या गणपतीसमोर अडखळले, वहीत काहीतरी लिहून कासविणीकडे गेले. बक्षीस सुदेशला मिळालं. टाळ्या वाजल्या, पण तुषारच्या त्या नव्हत्या. तो बालदीतलं पाणी ओतून हात धूत होता, आणि मोप्याकडे उतरणारं विमान डोक्यावरून गेलं तेवढा वेळ त्याने वर बघितलं.

टीचरांनी मालकाला स्वतःच्या फोनवरून फोन केला आणि चूक आपली होती हे तीनदा सांगितलं, कारण पहिल्या दोन वेळा तो ऐकूनच घेत नव्हता. शेवटी "बरा, येव दी फाल्या कामार" असं म्हणाला. मग त्या ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"शांताराम, माजा चुकला."

"माका मोडणारो म्हटलास, ता गेला, बाईनू," शांताराम गाडी सुरू करत म्हणाला. "मनार घेव नकात." त्याने आरशातून मागच्या सीटकडे बघितलं. "भायलो म्हटलास, तेवा आते जनेलात बसलेली."

  टीचर चढल्या आणि नेहमीच्या पुढच्या सीटवर न बसता मागे सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. शिवोलीचा पूल आला, गेला. सकाळी याच वाटेवर त्यांनी भाषण दिलं होतं. 

दिवेलागणीला बस आमोण्याला थांबली. शांताराम खाली उतरून आतेला हात द्यायला उभा राहिला. चंद्रावतीबाई मात्र उतरल्या नाहीत. पायरीवरच बसल्या आणि पदर सोडून वाळू मांडीत घेतली. मग बोटाने मधोमध रेघ ओढून तिचे दोन भाग केले, चिमूट इकडची तिकडे करत, अगदी सारखे.

"गो कमलाक्षी, तो पोयांचो डबो दी."

टीचरांनी पिशवीतून रिकामा डबा काढून पुढे धरला. म्हातारीने एक भाग त्यात घातला, झाकण लावलं आणि डबा शांतारामच्या हातात दिला.

"ही भेडश्याक व्हर. आमच्या घराच्या चार कोपऱ्यांत घाल."

उरलेली अर्धी वाळू मुठीत घेऊन त्या उठल्या, आणि दुसऱ्या हाताने सुनेचा खांदा धरून आपल्या दुसऱ्या घराच्या पायऱ्या चढू लागल्या.